दाव्यासकट विकलेला बैल

मुलांशी खोटं बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या मताच्या जोरावर गेली अकरा वर्षं मी नाशिकच्या एका साप्ताहिकात मुलांच्या चित्रपटांची परीक्षणं लिहिते. बोलणाऱ्या प्राण्यांशी माझं विशेष वाकडं आहे. प्राणी बोलत नाहीत, ते सोसतात, आणि हे पोरांना कळू नये म्हणून त्यांच्या तोंडी विनोद घालतात, असं मी निदान चार वेळा तरी छापून आणलंय. संपादक म्हणतात, मॅडम, जरा हलक्या हाताने घ्या. मला ते जमत नाही.

त्या रविवारी दुपारच्या खेळाला मी लेकीला आणि अण्णांना घेऊन गेले. अण्णा म्हणजे माझे वडील. वणीजवळचं गाव सोडून ते इंदिरानगरला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले त्याला आता सहा वर्षं झाली. लेक नऊ वर्षांची, चौथीतली, एकही प्रश्न मनात ठेवत नाही. चित्रपट परदेशी, मराठीत आवाज दिलेला. एक म्हातारा बैल, एक बडबडी शेळी आणि डोळ्यांनी अधू झालेला कुत्रा समुद्र बघायला निघतात, एवढीच गोष्ट.

पण निघण्याआधी बैलाला बाजारात विकतात. व्यापारी त्याच्या बरगड्यांत बोटं खुपसून बघतो आणि बैल म्हणतो, अहो, गुदगुल्या होतात. थिएटर खदखदून हसलं. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंना हसताना ठसका लागला. मी सुन्न झाले. बाजारात उभं केलेलं म्हातारं जनावर, त्याच्या बरगड्या मोजल्या जाताहेत, आणि ह्यावर हसायचं? तिकिटाच्या पाठीवर मी अंधारातच लिहिलं: लबाड. खाली दोन रेघा ओढल्या.

मग पडद्यावरच्या शेतकऱ्याने बैलाची दोरी व्यापाऱ्याच्या हातात दिली, आणि माझ्या शेजारून अण्णांचा आवाज आला, चांगला मोठा.

"दाव्यासकट दिला?"

दोन-तीन माना वळल्या. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. ते हलक्या आवाजात पण तितक्याच रागाने म्हणाले, "येडा हाय का ह्यो?" शेळी मराठी बोलते, कुत्रा चष्मा लावतो, हे सगळं त्यांनी निमूट मान्य केलं होतं. दावं दिलेलं मात्र त्यांना सहन होईना.

मध्यंतरात लेकीने विचारलंच, की त्यात एवढं काय झालं. अण्णांनी पॉपकॉर्नची पिशवी मांडीवर ठेवली आणि तिला नीट समजावून सांगितलं. जनावर विकलं तरी दावं विकायचं नसतं. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, बैलाच्या गळ्यात अडकवतो, आणि आपण आपलं सोडवून घरी आणायचं, खुंटीला टांगायचं.

"आणि विकला नाही, नुसता कुणाकडे ठेवायला दिला तर?"

"मंग दाव्यासकट द्यायचा. तो परत येणार असतो ना."

लेक म्हणाली, "पण आपल्या तांबड्याचं दावं तर तुमच्या खोलीत आहे."

अण्णांनी पॉपकॉर्नमध्ये हात घातला आणि तो तसाच पिशवीत राहू दिला.

तांबडा आमचा बैल. माझ्या जन्माआधीपासूनचा. मी त्याच्या पोटाखालून ये-जा करायचे आणि तो पाय हलवायचा नाही. मी सात वर्षांची असताना तो पुढच्या उजव्या पायाने लंगडायला लागला, आणि एक दिवस शाळेतून आले तर गोठ्यात एकच बैल. तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, त्याला पेठला ओळखीच्या माणसाकडे ठेवलाय, तिकडे डोंगरात काम हलकं, गवत भरपूर. दावं दाराशेजारच्या खुंटीला होतं. माझी लाल रिबन मी त्यात कधीतरी गुंफली होती, तीही तशीच होती. मी समजले, तो परत आल्यावर लागेल म्हणून ठेवलंय.

अण्णा दर दिवाळीनंतर टोमॅटोच्या मांडवासाठी बांबू आणायला पेठला जायचे. मी त्यांच्याबरोबर तांबड्यासाठी गुळाचा खडा द्यायचे, वहीच्या कागदात बांधून. ते परत आले की त्याचा निरोप सांगायचे. म्हणाला, पोरीला सांग, पाढे पाठ कर. म्हणाला, इथली थंडी लय, पण गूळ गोड होता. एका वर्षी म्हणाला, तिच्या वेणीला तेल लावा रे कुणीतरी. मी नववीत गेले तेव्हा अण्णांनी सांगितलं, तो म्हातारपणाने गेला, झाडाखाली बसल्या बसल्या. मी रडले, पण समाधानाने रडले. ही गोष्ट मी लेकीला कितीतरी वेळा सांगितली आहे. प्राण्यांशी कसं वागावं ह्याचं उदाहरण म्हणून एका लेखातही घातली होती. दाव्याचा रिवाज मला कुणी सांगितला नव्हता. शेतकऱ्याची मुलगी आणि एवढं माहीत नाही.

मध्यंतर संपलं, दिवे मालवले. मी अण्णांकडे बघितलं नाही, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. उरलेला चित्रपट माझ्यासमोरून गेला, मला त्यातलं काहीही सांगता येणार नाही. शेवटी एक हिरवं कुरण आलं, त्यात जगातली सगळी विकलेली म्हातारी जनावरं चरत होती, एवढं आठवतं. पोरं टाळ्या वाजवत होती.

रिक्षात लेक कुरणाबद्दल बोलत राहिली. घरी पोचल्यावर ती शेजारी खेळायला गेली आणि मी सरळ अण्णांच्या खोलीत गेले. दावं दाराच्या मागे होतं. सहा वर्षांपूर्वी ते ट्रंकेतून निघालं तेव्हा मी कुरकुरले होते, की हे काय फ्लॅटमध्ये टांगायचं. रिबनचा रंग आता विटकरी झालाय. मी ते खुंटीवरून काढलं आणि हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"कुठं विकला?"

"वणीच्या बाजारात," अण्णा म्हणाले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "पाय गेला व्हता त्याचा. औताला येत नव्हता."

"कुणाला?"

"व्यापाऱ्याला."

पुढचं मी विचारलं नाही. लंगडा म्हातारा बैल व्यापारी कशाला घेतो, हे मला आता कुणी सांगायला नको होतं. मी पलंगाच्या कडेवर बसले. मला भयंकर राग आला होता. व्यापाऱ्याचा आला होता, अण्णांचा आला होता, आणि तिकिटामागे 'लबाड' लिहिणाऱ्या बाईचा तर सगळ्यात जास्त.

"इतकी वर्षं, अण्णा? मी पन्नाशीला आले."

"तू तीन दिस जेवली नव्हतीस," ते म्हणाले. "मंग म्हणलं, पेठला हाय. तू लगेच भाकर खाल्लीस. त्यानंतर खरं कधी सांगायचं? दर खेपेला तू गूळ घेऊन उभी."

तेव्हा मला गूळ आठवला. सात-आठ वर्षांचा गूळ. मी विचारलं, तो कुठे टाकायचात?

अण्णांनी मान वर केली. चित्रपटात दावं दिलेलं बघून त्यांचा चेहरा जसा झाला होता, तसाच आता झाला.

"टाकीन कसा? पेठच्या बाजारात बैल बांधलेले असायचे, त्यांना घालायचो. त्यातला म्हातारा कोण ते आधी बघायचो. मालक म्हणायचे, कोण हाय ह्यो बाबा."

"आणि निरोप?"

"येताना येष्टीत बसून ठरवायचो," ते म्हणाले. "तांबडा काय म्हणला आसता त्ये."

मला एकदम रडू आलं. ह्या वेळी समाधान वगैरे काही नव्हतं. अण्णांनी माझ्या हातातून दावं घेतलं, रिबनची सुटलेली गाठ दोनदा आवळली आणि ते परत टांगलं.

परीक्षण दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. राग गेला नव्हता, अजूनही पूर्ण गेलेला नाही. गुदगुल्यांच्या विनोदाला मी जे झोडपायचं ते झोडपलंच. कुरणापाशी आले तेव्हा मात्र नेहमीचं वाक्य लिहायला हात उचलेना. शेवटचा परिच्छेद मी तीनदा खोडला. मग लिहिलं, की चित्रपटातला शेतकरी आपला बैल दाव्यासकट विकतो, ही दिग्दर्शकाची अक्षम्य चूक आहे. बैल बोलतो, ते बरोबर आहे.