हिरकणीची सही

धाकट्या डहाणूत हिरकणी तांडेलचा दराराच असा, की बोंबील सुकवणाऱ्या बायकांच्या सोसायटीचं अध्यक्षपद तिच्याकडे आपसूक चालत आलं. बाई तोंडाची फटकळ आणि मनाची मोकळी, पण लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा गेल्यावर दिराने कसल्याशा कागदावर तिचा अंगठा घेतला आणि होडीतला तिचा वाटा गेला. तेव्हापासून कुणी शाईचा पॅड पुढे केला की हिच्या कपाळावर आठ्या.

२०१७ साली सोसायटीचा माल घेणाऱ्या वापीच्या शेठने अट घातली. दर खेपेबरोबर माल कडक वाळल्याचा दाखला हवा, पीडीएफमध्ये, डिजिटल सहीसकट. डहाणूत कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या प्रितेशने सोसायटीसाठी हिरकणीच्या नावाचं सर्टिफिकेट स्वतःच बनवून दिलं.

"मावशी, पासवर्ड टाकला की तुमची सही उमटली. सहीची वेळ बाहेरचा सर्व्हर नोंदवतो, ती आपल्याला मागेपुढे करता येत नाही. शेठच्या कॉम्प्युटरला एकदा ओळख करून दिली, की तो तुमची सही मानणार."

"म्हणजे मला न विचारता माझी सही कुणी घेऊ शकणार नाही?"

"पासवर्ड दुसऱ्याला दिला नाहीत, तर नाही."

बाई खूश झाली. पण कीबोर्ड समोर आला तसा तिला घाम फुटला. पासवर्ड तिने सोसायटीची कारकुनी करणाऱ्या भाविकाला देऊन टाकला. भाविका शेजारच्याच घरातली सून. बाजाराला जाताना शेजारी किल्ली ठेवायची सवय सगळ्या गावाची, त्यामुळे यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. खेप निघायच्या आधी हिरकणी पाटीतला एक बोंबील मोडून बघायची, कट्कन तुटला की म्हणायची, "कर सही."

थंडीत हिरकणी चिखल्याला भाचीच्या लग्नाला गेली. इकडे टेम्पो दारात, ड्रायव्हर खोळंबलेला, हिरकणीचा फोन लागेना. भाविकाने सही ठोकून दिली. दोन दिवसांनी हिरकणी परतली आणि शेठचा फोन आला. माल ओलसर, वर बुरशी.

"मी सही केलीच नाही, मी लग्नाला गेले होते," हिरकणी कडाडली. प्रितेशने पीडीएफ उघडली. हिरकणीचं नाव, सही खरी असल्याची हिरवी खूण आणि वेळ गुरुवार दुपारची. गुरुवारी दुपारी ही चिखल्याला नवरीला हळद लावत होती.

भाविकाच्या तोंडचं पाणी पळालं. "काकी, मी केली."

शेठ फोनवर होताच. त्याने आपणहून वाट काढून दिली. "हिरकणीबेन, तुम्ही तर लग्नात होता. जिने सही केली तिला काढून टाका, आपला धंधो चालू."

किती सोपं होतं. हात झटकायचे आणि मोकळं व्हायचं. हिरकणीला भाविकाचा असा संताप आला होता, की एक ठेवून द्यावीशी वाटली. पुन्हा कुणीतरी आपला हात वापरला. पण दिराने अंगठा फसवून घेतला होता. हा हात तर आपण स्वतःच देऊन टाकला, हे तिच्या मनात आलं.

"शेठ, सही माझी आहे," ती म्हणाली. "माल परत पाठवा, बदलून देते. आणि ती जुनी ओळख तुमच्या कॉम्प्युटरमधून काढून टाका. नवी देते."

शेठ "बरं, पाठवा," म्हणाला.

नवा पासवर्ड हिरकणीने स्वतः पाठ केला. अक्षरं कळत नव्हती, तिने जागा लक्षात ठेवल्या. वरच्या ओळीत कडेचं, त्याखालचं, मग मधलं. चुकली की स्वतःलाच शिव्या घालायची. आठवड्याभरात बोटं आपोआप जायला लागली.

भाविका मात्र मान वर करत नव्हती. ऑफिसची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली, "काकी, उद्यापासून मी येत नाही."

"आधी इथे बस. वाच काय लिहिलंय."

प्रितेश कॉम्प्युटरपाशी बसला होता, स्क्रीनवर त्याने बनवलेलं आणखी एक सर्टिफिकेट होतं. भाविका मर्दे, सचिव. ती बघतच राहिली. लग्न होऊन आल्यापासून कुठल्याही कागदावर तिची सही कुणी मागितली नव्हती.

"मी गावाला गेले तर सही तू करायची, पण तुझी," हिरकणी म्हणाली. "माल ओला निघाला तर शेठचा फोनही तुलाच येणार."

भाविकाच्या डोळ्यांना धार लागली.

"रडणं नंतर, बाय. पासवर्ड ठरव तुझा."

आता हिरकणीला कीबोर्डवरच्या जागा कळत होत्या, बघत उभी राहिली असती तर भाविकाचा पासवर्डही कळला असता. तिने प्रितेशला दंडाला धरून उठवलं, त्याला घेऊन बाहेर ओट्यावर आली आणि जाताना दार ओढून घेतलं.