साखळी प्रार्थना आणि माझा चहा

साखळी प्रार्थनेत माझा नंबर जवळ आला की मी चहा ठेवायला उठत असे. सतरा-अठरा वर्षं मी हे केलं आणि कुणी कधी हरकत घेतली नाही, कारण चहा सगळ्यांनाच हवा असायचा.

साखळी प्रार्थना म्हणजे गोल बसायचं, डोळे मिटायचे, एकाने प्रार्थना करून 'आमेन' म्हटलं की त्याच्या शेजारच्याने सुरू करायचं. कुणाला वगळायचं नाही, कुणाच्या मध्ये बोलायचं नाही. डोळे मिटलेले असल्यामुळे 'आमेन' हाच इशारा. मी ह्यांच्या शेजारी बसत असे, म्हणजे ह्यांच्यानंतर मी. ह्यांची प्रार्थना लांब. राष्ट्रपतींपासून सुरुवात करून, सरहद्दीवरचे जवान, सगळे सरकारी नोकर असं करत करत हे आजाऱ्यांवर आले की मी ओळखायची, आता दोन मिनिटं उरली. मग पाय न वाजवता उठून स्वयंपाकघरात जायचं. ह्यांचं आमेन झालं की क्षणभर थांबून माझ्या पलीकडच्या सिस्टर सुरू करायच्या. कधी कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे, "चहा उतू जाईल ना!"

दिल्लीत आम्ही आलो ते ह्यांच्या मंत्रालयातल्या नोकरीमुळे. पुढे मलाही एका सरकारी कचेरीत टायपिंगचं काम मिळालं. क्वार्टर सरोजिनी नगरला. रविवारी सकाळी चर्चला जायचो, पण तिथे सगळं हिंदीत किंवा इंग्रजीत. ह्यांचा जीव त्यात रमेना. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळेत वाढलेला माणूस, पेटीवर बोटं फिरली की डोळे भरून यायचे. म्हणून ह्यांनी मराठी ख्रिस्ती घरं शोधून काढली. एक फरीदाबादला, दोन गाज़ियाबादला, हिंदूराव हॉस्पिटलजवळ एक सिस्टर, म्हणजे नर्स. महिन्यातून दोन रविवारी दुपारी कुणा ना कुणाच्या घरी सभा. आम्ही दोन बस बदलून जायचो. ह्यांच्या खांद्यावर पेटी, माझ्या हातात गीतांच्या पुस्तकांची पिशवी आणि डब्यात तीस-पस्तीस चकल्या. निघताना हे दारात उभे राहून म्हणायचे, "चलो, चलो!" घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण घाई झाली की ह्यांच्या तोंडून हिंदीच निघायची.

सभेत ह्यांचं बोलणं नेहमी एकाच ठिकाणी यायचं. ख्रिस्ती जीवन यशस्वी व्हायला शिक्षण नको, हुद्दा नको, फक्त देवाची तळमळ पाहिजे. तीच किल्ली. हे ऐकताना मला हसू यायचं, कारण घराच्या किल्ल्या ह्यांनी दोनदा बसमध्ये विसरल्या होत्या आणि तेव्हापासून त्या माझ्या पर्समध्ये असत. पण ह्यांची तळमळ खोटी नव्हती, हे मला आधी लिहून ठेवलं पाहिजे. एकदा जूनमध्ये, लूचे गरम वारे चालत असताना, गाज़ियाबादच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंसाठी हे गेले. सभेला दुसरं कुणीच आलं नव्हतं. दोघांनी सगळी गाणी म्हटली, साखळी प्रार्थनाही केली, दोघांचीच. संध्याकाळी लालबुंद चेहऱ्याने परत आले. मी पन्हं दिलं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला, आणि त्या टॉवेलाखाली हे हसत होते. इतका आनंद मला कधीच झाला नाही. मला त्यांचा हेवा वाटला आणि रागही आला, कारण धुण्याची बादली अजून तशीच पडली होती.

मी देवाशी बोलत नसे असं नाही. पण बोलायचे ते कचेरीला नेणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये. सकाळी खिडकीची जागा मिळाली की मान काचेला टेकवायची आणि मनातल्या मनात सुरू. त्यात 'हे दयाळू पित्या' वगैरे काही नसायचं. काल पुन्हा नऊ माणसं जेवायला होती, तुला दिसत नाही का? मुलीला ताप आहे आणि मी इथे टायपिंग करायला चालले आहे, हे तुझ्या वहीत कुठे लिहून ठेवलंस? असं. कधी नुसतं 'दमले' एवढंच म्हणून डोळे मिटायचे. त्याला मी प्रार्थना म्हणत नसे. प्रार्थना हे करायचे. माझी ती नुसती कटकट होती, आणि चार माणसांत कुणी देवाशी कटकट करत नाही. म्हणून चहा.

मुलगी लग्न होऊन लांब गेली. हे निवृत्त झाल्यावर आम्ही फरीदाबादला फ्लॅट घेतला. एका रविवारी हिंदूरावला सिस्टरांकडे सभा होती. मी त्यांच्याही स्वयंपाकघरात शिरले, नेहमीसारखी. परतताना आम्ही ऑटोत बसलो. आश्रम नावाच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. तिथे हे शांतपणे म्हणाले, "तू काही चहासाठी म्हणून उठत नाहीस. मला माहीत आहे. तुला देवाची तळमळच नाही. इतकी वर्षं मी एकटाच ओढतोय."

माझ्याकडे उत्तर होतं. त्या चकल्यांचं, त्या पिशवीचं, नऊ-नऊ माणसांच्या जेवणाचं. पण बाहेर हॉर्न वाजत होते, माझे गुडघे दुखत होते, आणि इतक्या वर्षांचं उत्तर त्या ऑटोत देण्याइतकं त्राण नव्हतं. म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर मी अबोला धरला.

चौथ्या दिवशी सकाळी दाढी करताना हे पडले. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. दोन-अडीच महिन्यांनी काठी धरून चालायला लागले, पण बोलणं परत आलं नाही. एकच शब्द राहिला, 'चलो'. पाणी हवं असलं तरी चलो, पाय दुखला तरी चलो, रडू आलं तरी चलो. डॉक्टर म्हणाले, "इनको समझ में सब आता है."

तेच तर कठीण होतं. अबोल्याच्या त्या तीन दिवसांतही मीठ दे, पंखा लाव असं काही बोलणं झालं असणार, पण ते माझ्या लक्षात नाही. माझ्या लेखी ह्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं ऑटोतलं. ते आता ह्यांना परत घेता येत नव्हतं आणि मला खोडता येत नव्हतं. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याशी भांडायचं कसं? ह्यांना अंघोळ घालताना, शर्टाची बटणं लावताना तेच वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहायचं. तळमळच नाही. एकटाच ओढतोय. आणि खरं सांगायचं तर मला वाटायचं की हे बरोबर बोलले. खोटं असतं तर एवढं लागलं कशाला असतं?

सभा बंद पडली. ओढणाराच बसला होता. अकरा महिने मी फक्त दिवस ढकलले. नाताळाच्या आधी सिस्टरांचा फोन आला. "ते येऊ शकत नाहीत ना, तर आम्हीच तुमच्याकडे येऊ. बिल्कुल काही करू नकोस, फक्त चहा." मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागतं, आणि कारण शोधायलाही जोर लागतो.

त्या रविवारी हे बारा वाजल्यापासून कोट-बूट घालून बसले. बूट घालायला मला अर्धा तास लागला. मी सांगत होते, "अहो, जायचं नाहीये, लोकच येणार आहेत," आणि हे दाराकडे बघून म्हणत होते, "चलो."

सात माणसं आली. त्यात शेजारच्या फ्लॅटमधल्या वहिनीही होत्या. त्या मंगळवारी मारुतीच्या देवळात जाणाऱ्या, पण मराठी कानावर पडतं म्हणून आमच्या सभेलाही यायच्या. साखळीत त्या मनातल्या मनात काहीतरी म्हणायच्या आणि मग अगदी खणखणीत 'आमेन' द्यायच्या. त्या ह्यांच्या एका बाजूला बसल्या, दुसऱ्या बाजूला मी, माझ्या पलीकडे सिस्टर. जुनीच सवय. चहासाठी दूध आणि पाणी मी आधीच मंद गॅसवर ठेवून आले होते. तीही जुनीच सवय.

गाणी झाली, पेटीशिवायच. मग साखळी सुरू झाली. ह्यांच्या वेळी काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. वहिनींनी आमेन म्हटलं आणि खोलीत शांतता पसरली.

सगळ्यांना वाटलं असेल, हे मनात प्रार्थना करताहेत. होईपर्यंत थांबायचं. माझी उठायची वेळ झाली होती. मग हे म्हणाले, "चलो." थोडं थांबून पुन्हा, जास्त जोर लावून, "चलो... चलो..." आणि नंतर नुसता श्वास. मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांच्या माना खाली होत्या, डोळे मिटलेले. ह्यांच्या कपाळावर डिसेंबरात घाम आला होता. तोंड उघडं, डावी मूठ गुडघ्यावर आवळलेली. राष्ट्रपतींपासून आजाऱ्यांपर्यंत मागणाऱ्या माणसाला 'आमेन' म्हणता येत नव्हतं, आणि ते म्हटल्याशिवाय इथलं कुणी हलणार नव्हतं. हे माझ्याकडे बघत होते. स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास यायला लागला.

मी बोलायला लागले. डोळे मिटायचे राहूनच गेले.

"देवा, ह्यांना बोलता येत नाही. तुला दिसतंयच. मी दमले आहे. अकरा महिने उठवते, बसवते, भरवते, आणि ह्यांना काय हवंय ते मला दहातल्या सहा वेळा कळत नाही. तू ह्यांची जीभ नेलीस. ती तर तुझ्याच कामाला होती. माझी न्यायचीस, मी वापरतही नव्हते. हे म्हणाले, मला तुझी तळमळ नाही. नसेल. ह्यांच्यासारखा आनंद मला होत नाही, मी काय करू? पण रोज बसमध्ये मी तुझ्याशीच भांडत होते ना? की त्या खिडकीपाशी कुणी नव्हतंच? नसलास तर आत्ता सांग, म्हणजे मी उगाच बोलणार नाही. आणि असलास तर जाऊ नकोस. ह्यांनी एकट्याने ओढलं असं हे म्हणतात. मला तर एकटीने मुळीच ओढता येणार नाही."

पुढे काही सुचेना, म्हणून थांबले. प्रभूच्या नावाने मागायचं राहिलं, आमेनही राहिलं. त्यामुळे कुणी काही बोलेना. कुणाच्या तरी नाकातून पाणी ओढल्याचा आवाज आला. वास आता खोलीभर झाला होता. सिस्टर माझ्या आमेनची वाट बघत होत्या आणि मला ते आठवत नव्हतं.

तेव्हा हे म्हणाले, "चलो." नेहमीसारखं घाईचं नव्हे, हळू. सिस्टरांनी आयुष्यभर वॉर्डात इशाऱ्यांवर कामं केली होती. त्यांनी लगेच प्रार्थना सुरू केली आणि आटोपती घेतली.

पातेलं काळं ठिक्कर झालं होतं. वहिनींनी आपल्या घरून चहा करून आणला. निघताना सिस्टरांनी माझा हात दाबला आणि म्हणाल्या, "अगं, तू बसमध्ये भांडायचीस? मी ड्यूटीवर." सगळे गेल्यावर मी त्याच साडीत दिवाणावर आडवी झाले. ह्यांचे बूटसुद्धा काढले नाहीत. काढीन पाच मिनिटांनी, म्हटलं.

डोळा लागला असावा. नळाच्या आवाजाने उठले. दिवेलागण झाली होती आणि हे खुर्चीत नव्हते.

स्वयंपाकघरात दिवा लावलेला नव्हता. हे ओट्याला कंबर टेकवून सिंकपाशी उभे होते, काठी फरशीवर पडलेली. पातेलं उजव्या कोपराने दाबून धरलं होतं आणि डाव्या हाताने तारेची घासणी चालवत होते. कोटाची बाही खांद्यापर्यंत भिजली होती, पाणी बुटांवर सांडत होतं. आमच्या सगळ्या संसारात मी ह्यांना सिंकपाशी कधी पाहिलं नव्हतं. चहा कुठे होतो ते तरी ह्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

"अहो, राहू द्या," असं माझ्या ओठांवर आलं होतं. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण ह्या वेळी तो एक शब्दही निघाला नाही. मग हे पुन्हा पातेल्याकडे वळले.

मी काठी उचलून भिंतीला लावली आणि दिवा लावला. करपलेलं काही निघत नव्हतं. हे घासत राहिले आणि मी त्यांना घासू दिलं.