सोयगावच्या धाब्यावरचा अँटेना

दुसऱ्यांच्या गच्च्यांवर चढायची सवय लागली की किस्से आपोआप साठतात. घरी सांगायला बसलं की घरचे एकेक करून उठून जातात, म्हणून तुम्हाला सांगते! मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता रिटायर्ड. रफिकभाईंचं औरंगपुऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान, पण हल्ली तिथं मोबाईलची कव्हरंच जास्त खपतात. आम्हा दोघांना एकच खूळ. कुणाचा एफएम खरखरत असला की गच्चीवर अँटेना लावून द्यायचा. पाइप आमचा, चहा त्यांचा. आमचे मिस्टर म्हणतात, "या वयात बायका तीर्थयात्रा करतात, तू गच्च्या कर!"

यंदा मात्र एक काम डोक्यातून जात नव्हतं. रेखा नावाची मुलगी दुकानात आली. इथल्या एका एफएम केंद्रावर रविवारीसुद्धा सकाळचा कार्यक्रम करते. घर सोयगावला, मध्ये अजिंठ्याचा डोंगर, त्यामुळं आईच्या रेडिओवर नुसती खरखर.

मी म्हटलं, "अगं, मोबाईलवर ऐकव की!"

"तिचा बटनांचा फोन आहे, बाई. नवा घेऊन देते म्हणलं तर म्हणती, फोनवर तू माझ्याशी बोलतीसच. मला तू लोकायशी बोलताना ऐकायचंय."

मग खाली बघत म्हणाली, "पण अण्णा लावू देतील का, माहीत नाय." ठरलेलं लग्न मोडून ती शहरात आली, तेव्हापासून वडील तिच्याशी बोललेले नाहीत. 'तिचा आवाज या घरात नको,' एवढं म्हणाले ते शेवटचं.

रफिकभाई म्हणाले, "इतवारी जाऊ." पण डोंगरापलीकडचं केंद्र पकडायला लागणारा लांब पाइप काही मिळेना. इतवार पुढं जात राहिले आणि मधल्या इतवारी भलतंच काहीतरी होत राहिलं.

*

सिडकोतल्या एका काकांची तक्रार, "दर रविवारी गाणी बंद पडतात. केंद्रवाल्यांना सुट्टी असते का?" वर जाऊन बघतो तर आम्हीच लावलेल्या अँटेनावर ओली गोधडी! काकू मागोमाग आल्या आणि आमच्यावरच डाफरल्या, "मग काय, नुसत्या गाण्यांसाठी एवढी चांगली दांडी अडवून ठेवायची?"

*

दौलताबादला पायथ्याशी एकाचं रसवंतीचं दुकान. शहराकडं तोंड करून अँटेना लावावा तर बरोबर मध्ये किल्ला. दुकानदार वैतागला, "लई वर्षं झाली राव, कुणीच काही करत नाय याचं!"

रफिकभाई शांतपणे पाना पुसत म्हणाले, "मियाँ, इसने फौजा रोके. तुमचं स्टेशन काय चीज आहे!"

*

एका नव्या फ्लॅटमध्ये अँटेना उत्तम, वायर उत्तम, तरी रेडिओत गुणगुण. मी एकेक बटण बंद करत गेले. देवघरातला चायना दिवा बंद केला आणि आवाज लख्ख झाला! असले स्वस्त दिवे एफएममध्ये गुणगुण आणतात. मुलानं तो मुद्दाम आणलेला, कारण आईच्या तेलाच्या निरांजनानं भिंत काळी होते.

मी म्हटलं, "रेडिओ नाहीतर हा दिवा, एक काहीतरी निवडा."

तेवढ्यात आईंनी आतून कापसाची वात वळतच विचारलं, "बाई, हा रेडिओ संध्याकाळी दिवेलागणीलासुद्धा लावता येतो ना?"

घरी येताना ती वातच डोळ्यांसमोर होती. त्या माउलीनं किती दिवस ती वात जपून ठेवली असेल, काय माहीत. रफिकभाई एवढंच म्हणाले, "बाई, पाइप मिळो न मिळो, सोयगावला जायचं."

*

पाइप मिळाला. पहाटे निघून सोयगाव गाठलं. आम्हाला बघितल्यावर अण्णांनी 'या' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. पायात चपला सरकवल्या आणि शेताकडं निघून गेले. त्यांचं जुनं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं घर. वर उजेडासाठी ठेवलेलं भोक, त्याला सवणं म्हणतात. त्यातून रफिकभाई वरून ओरडायचे, "आता?" आणि रेखाची आई खालून ओरडायची, "खरखरच!" शेवटी डोंगराच्या एका खिंडीकडं तोंड केलं आणि रेडिओतून रेखा बोलायला लागली.

आईनं पदर तोंडाला लावला. डोळे भरलेले, आणि म्हणते काय, "किती सावकाश बोलतीय बघा ही! घरात तर तोंडाचा पट्टा चालायचा!"

पण एवढ्या जाड पाइपाला आमचा क्लॅम्प पुरेना. दोरीनं बांधून आलो. बसमध्ये माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वारा सुटला की अँटेना फिरणार आणि त्या बाईचा रेडिओ पुन्हा मुका होणार.

मोठा क्लॅम्प करून घेऊन पुन्हा गेलो तेव्हा झाडं हलत होती, एवढा वारा. मी मनाशी म्हटलं, झालं! पण दारातच रेखाचा आवाज, एकदम स्वच्छ.

"अण्णा कुठायत?" मी विचारलं.

"सकाळच्याला धाब्यावर जातेत आजकाल," आई म्हणाली. "म्हणतेत, माती बघतो."

आम्ही शिडीनं वर गेलो. अण्णा दोन्ही हातांनी पाइप धरून बसले होते, सवण्याला अगदी खेटून. खालून रेखा गावोगावच्या श्रोत्यांची नावं वाचत होती. आम्हाला बघून ते दचकले, पण पाइप सोडला नाही.

रफिकभाईंनी पिशवीतून क्लॅम्प काढला. अण्णांनी मान हलवून त्यांना थांबवलं. रेखाचं वाक्य पुरं होऊ दिलं आणि मग अगदी हळू म्हणाले, "कसू नका."

खालून आईची हाक आली, "बसला का ओ पक्का?"

रफिकभाईंनी माझ्याकडं बघितलं, क्लॅम्प परत पिशवीत टाकला आणि सवण्यात तोंड घालून ओरडले, "नाय ताई! याला रोज कुणीतरी धरावंच लागंल!"