टाचेवरचा टवका

पराचो गावात ज्या घरातून लाकडाचा भुस्सा बाहेर पडत नाही, ते घर एकतर पाद्र्याचं, नाहीतर पोलिसाचं. बाकी सगळे घरोघरी गिटारी बनवतात. फिदेन्सिओ उआकुसही बनवायचा, पण त्याचा खरा धंदा गप्पांचा. गिटारी हा जोडधंदा. सकाळी आतोलेचा, म्हणजे मक्याच्या गोड पेजेचा, पेला रिकामा झाला की तो दारात खुर्ची टाकी, मांडीवर गिटारची मान आडवी घेई, हातात पटाशी, आणि मग रस्त्याने जाणाऱ्या एकेकाची हजेरी सुरू.

"काय गं कान्देलारिया, गुडघा काय म्हणतोय? आणि जावई आला का परत?"

उत्तर नीट ऐकू यावं म्हणून तो वळून बघे, आणि इकडे पटाशी सटके. सटके तीही नेहमी एकाच जागी. मान गिटारच्या पोटाला जिथे चिकटते, तिथल्या उताराला टाच म्हणतात. त्या टाचेचं वळण घेताना हात जरा अवघडतो, आणि नेमकं त्याच वेळी फिदेन्सिओला जगाची काळजी वाटायला लागते. त्यामुळे त्याच्या प्रत्येक गिटारच्या टाचेवर नखाएवढा टवका असायचाच. गिऱ्हाईक म्हणे, "ही चूक आहे." फिदेन्सिओ म्हणे, "ही सही आहे." आणि सहीसकट गिटार खपवी.

अशा माणसाच्या भरवशावर ओतिलियाबाईंनी डझनभर गिटारींचा शब्द देऊन ठेवला होता. तोही कुठे, तर चर्चच्या पायरीवर, गावातल्या झाडून सगळ्या बायकांच्या देखत. एदुविहेस मास्तरीणबाईंनी मुलींचं गिटारमंडळ काढलं होतं आणि संत सेसिलियाच्या सणाला मुली पहिल्यांदा वाजवायला बसणार होत्या. "आमच्या ह्यांच्या गिटारी घेऊन बसतील हो," असं ओतिलियाबाई ठसक्यात म्हणून बसल्या. घरी येऊन बघतात तर नवरा दारात, मांडीवर कालचीच मान, आणि समोर पावाची सायकल थांबवून धरलेला पाववाला सुटका व्हायची वाट बघतोय.

"म्हाताऱ्या, सणाला मुलींनी काय वाजवायचं, टाळ्या?"

"होईल गं म्हातारे. लाकूड घाईत कापलं की रुसतं."

"लाकूड नाही रुसत. मी रुसते."

गिटारींची पोटं केव्हाच तयार होती, अडलं होतं ते मानांवर; आणि त्यावर उपाय तसा दोन गल्ल्या सोडून होता. ओतिलियाबाईंची भाची नेरेइदा मोरेलियाहून दोन पोरं आणि एक कॉम्प्युटरवर चालणारं कोरीव मशीन घेऊन माहेरी परतली होती. ते मशीन तिने आईच्या चुलीच्या खोलीत बसवलं होतं. नेरेइदा भाजी चिरून होईपर्यंत ते एक मान कोरून बाजूला ठेवी आणि कुणाच्या जावयाची चौकशीही करत नसे. पण पहिल्याच दिवशी फिदेन्सिओने अख्ख्या गल्लीसमोर जाहीर केलं होतं, "त्या डब्याने कोरलेली मान ज्या दिवशी माझ्या उंबऱ्याच्या आत येईल, त्या दिवशी मी पटाशी पुरीन आणि कोंबड्या पाळीन!"

"तुझ्या गप्पा ऐकून कोंबड्या अंडी द्यायच्या बंद होतील," ओतिलियाबाई म्हणाल्या खऱ्या, पण नवऱ्याला त्या ओळखून होत्या. एरवीचं त्याचं बोलणं वाऱ्यावर जाई, पण चारचौघांत घेतलेली शपथ तो मरेपर्यंत चघळी. त्याला कळलं असतं, तर एकही गिटार दाराबाहेर पडली नसती आणि बाईंना चर्चची पायरी चढायची सोय उरली नसती.

म्हणून त्यांनी कोरुंद्यांच्या, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेल्या मुटक्यांच्या, टोपलीत फडक्याखाली नवऱ्याची एक जुनी मान दडवली आणि नेरेइदाकडे नेली. मशीनने ती सुईने चाचपून चाचपून सगळी कॉम्प्युटरमध्ये उतरवली. पडद्यावर मान गोल फिरायला लागली.

"मावशी, हा टवका बुजवून टाकते हं. दोन मिनिटांचं काम."

"खबरदार! नाक कापलंस तर चेहरा कुणाचा म्हणायचा?"

पुढचं सोपं होतं. मान चिकटवणं, घासकाम आणि पॉलिश पहिल्यापासून बाईंकडेच, मागच्या अंगणात. फिदेन्सिओ कोरलेली मान टोपलीत टाकी आणि विसरून जाई. त्या ती माळ्यावर चढवत आणि टोपलीत मशीनच्या दोन-तीन माना ठेवत. एकदा त्याने टोपलीकडे बघून डोळे बारीक केले.

"एवढ्या मी केल्या?"

"मग काय शेजारच्या मांजरीने?"

"नाही गं, तसं नाही. हात चालतोय म्हणजे अजून." आणि दिवसभर तो चालणाऱ्या हाताबद्दल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत बसला.

तर गिटारी झाल्या. सणाच्या आदल्या दिवशी पुढच्या अंगणातल्या तारेवर पाठमोऱ्या ओळीने टांगल्या. मास्तरीणबाई मुलींना घेऊन न्यायला आल्या. आणि नेमका तेव्हाच आबुंदिओ आला. हा फिदेन्सिओच्या मुलाचा धर्मपिता, म्हणून दोघे एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत. स्वतःही गिटारीच बनवायचा आणि दुसऱ्याच्या गिटारीत खोट काढायला जेवण सोडून यायचा. ओळीच्या एका टोकापासून तो निघाला, प्रत्येक टाचेवर बोट फिरवत दुसऱ्या टोकाला पोचला आणि खाकरला.

"कोम्पाद्रे, टवके सगळे जुळे आहेत. माणसाची चूक दर वेळी थोडी हलते. ह्यांतली एकही तुझ्या हातची नाही. हे नेरेइदाच्या मशीनचं बाळंतपण आहे."

ओतिलियाबाईंच्या हातातलं पॉलिशचं फडकं गळून पडलं. फिदेन्सिओ उठला, ओळीत फिरला, एकेका टवक्यावर अंगठा ठेवून बघू लागला. शेवटच्या गिटारपाशी त्याने वर बघितलं, तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"बघितलंस आबुंदिओ? हात असावा तर असा! तुमचं नीट काम कधी दोनदा सारखं होत नाही. माझी चूकसुद्धा केसभर हलत नाही!"

"मग कोर बघू आत्ता, आमच्यासमोर."

"कोरतो! टवका तिथेच पडला नाही, तर ह्या सगळ्या गिटारी चुलीत घालीन!"

"म्हाताऱ्या!" ओतिलियाबाई किंचाळल्या, पण तोवर खुर्ची आली होती.

अर्धवट कोरलेली मान मांडीवर घेऊन फिदेन्सिओ बसला. सगळे भोवती दाटीवाटीने उभे, श्वास रोखून. कुणी बोलेना. रस्ताही रिकामा. आणि तोंड बंद झाल्याबरोबर फिदेन्सिओचा हात असा चालायला लागला, की लग्नापासून बाईंनी तो कधी तसा चालताना बघितला नव्हता. साल कागदासारखी निघत होती. पटाशी टाचेच्या वळणावर आली, अर्धं वळण गुळगुळीत पार झालं. आता सुबक, बिनटवक्याची टाच निघणार, आणि मुली उद्या टाळ्या वाजवणार, हे बाईंना लख्ख दिसलं.

"अहो मास्तरीणबाई," त्या मोठ्याने म्हणाल्या, "ते खेचर गिटार गळ्यात अडकवून डोंगरावर पळालं होतं, ती गोष्ट तुम्ही ह्यांच्या तोंडून ऐकली आहे का?"

ही गोष्ट गावाने इतक्यांदा ऐकली होती, की खेचराचं नाव निघताच लोक रस्ता बदलत. ती सांग, असं आपणहून तर फिदेन्सिओला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

"खेचराची?" त्याने गर्रकन वळून बघितलं. "अहो, काय सांगू..."

टक्. टवका उडाला तो थेट आबुंदिओच्या बुटावर.

मास्तरीणबाईंनी तारेवरची एक गिटार काढून शेजारी धरली. टवक्याशेजारी टवका. मुलींनी आरडाओरडा केला, एकीने तर फिदेन्सिओच्या हाताचा मुका घेतला. आबुंदिओनेही बोट लावून बघितलं. मग पुन्हा लावलं. नवा टवका तांदळाच्या दाण्याएवढा वर होता. त्याने ओतिलियाबाईंकडे बघितलं. बाई आभाळाकडे बघत होत्या.

"तिथेच आहे," आबुंदिओ पुटपुटला. "हरलो."

गिटारी गेल्या. जायच्या आधी मुलींना खेचराची गोष्ट पहिल्यापासून ऐकावी लागली, ते सोडा. गोष्टीत खेचर डोंगर चढत असताना आबुंदिओ हळूच मागच्या अंगणात आला. अंगावरच्या लोकरी गाबानखालून त्याने आपल्या हातची एक गिटारची मान काढली आणि बाईंपुढे धरली.

"ओतिलिया, जरा नेरेइदाला विचारशील? माझा हात इथे, शेंड्याजवळ घसरतो. चूक जरा मोठी आहे, बसेल ना मशीनमध्ये?"

ओतिलियाबाईंनी एकदा पुढच्या दाराकडे कान दिला. खेचर अजून अर्ध्या डोंगरावरच होतं.

"ठेवा त्या टोपलीत," त्या म्हणाल्या. "आणि वरून फडकं टाका."