संघाच्या इतिहासातली एक ओळ

ही गोष्ट मी घरी सांगितली नाही, खोलीवरच्या मित्रांना सांगितली नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय — असं असेल का? असेलही.

आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा इतिहास मी लिहिलाय. लहानशी पुस्तिका आहे. मी संघात गोलकीपर होतो, आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अक्षरही बरं आहे, म्हणून क्रीडाशिक्षकांनी काम माझ्याकडं दिलं. जुने फोटो जमवले, माजी खेळाडूंना गाठून विचारलं. सगळं खरं लिहिलं. एक ओळ सोडून.

ती ओळ पाच वर्षांपूर्वीच्या एका सामन्याची. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि पाऊस नव्हता. मी अहमदपूरकडचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी.ए. म्हणजे काय हे वडिलांना सांगता यायचं नाही, पण पोरगं विद्यापीठाकडून खेळतंय हे ते, शेत वाळल्यावर दुष्काळी कामावर खडी फोडताना, सगळ्यांना सांगायचे.

सामना नांदेडला होता. एरवी सामन्याआधी मैदानावर टँकरनं पाणी मारायचे. त्या वर्षी टँकर माणसांनाच पुरत नव्हते. मैदान म्हणजे नुसता मुरूम. आदल्या दिवशी सरावात मी एकदाच उडी मारली, तर डाव्या कोपराची साल निघाली. हे कारण म्हणून सांगत नाही — गुडघे सगळ्यांचेच फुटले होते.

गौतम आमचा बचावपटू, किनवटकडचा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. पुढच्या वर्षी कप्तान तोच होणार, हे जवळजवळ ठरलेलं. मी नवा, घाबरलेला. मला म्हणायचा, “कीपर, तू नुसता ओरडत जा. बाकीचं मी बघतो.”

शेवटची पाच मिनिटं राहिली होती. बरोबरी होती. समोरच्यानं चेंडू मारला — फार जोरात नव्हता — माझ्या डावीकडं, जमिनीलगत. गौतमनं पाय घातला, घसरला, धुरळा उडाला. कुणालाच काही दिसलं नाही. मला दिसत होतं. चेंडू गौतमच्या पायापासून वीतभर लांबून सरळ आला. मी उडी मारली असती तर हातात आला असता. आणि मी काय केलं? दुखरं कोपर पोटाशी धरून उभा राहिलो.

एवढंच असतं तर — भित्रा म्हणून तुम्ही मला सोडून दिलं असतं. पण चेंडू आत गेल्यावर मी गौतमच्या पायाकडं बोट दाखवलं. अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

“लागला का रे माझ्या पायाला?” गौतम धुळीतून उठत म्हणाला. “मला कायच समजलं न्हाई.”

“हाव,” मी म्हणालो. “लागूनच वळला.”

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “चुकलं बाबा माझं,” म्हणाला. मला!

परतताना गाडीत मागून कुणीतरी बोललं, “सवलतवाल्यांना घेतलं की असंच होणार.” फुटबॉलच्या संघात कसली आली सवलत? सगळ्यांत जास्त पळायचा तोच. गौतम बौद्ध, मी जमीनवाल्या घरातला — माझ्या एका शब्दावर सगळ्यांचा इतक्या लवकर विश्वास का बसला, हे मला त्या गाडीतच कळलं होतं. कळूनही मी खिडकीबाहेर बघत बसलो. पुढच्या वर्षी निवडीच्या यादीत माझं नाव होतं. गौतमचं नव्हतं.

पुस्तिकेसाठी यंदा मी किनवटला गेलो. गौतम तिकडं आश्रमशाळेत शिकवतो. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. मी त्या सामन्याचं कसंबसं विचारलं, तर तोच म्हणाला, “लिही की! लपवून काय राहिला? माझ्यामुळंच हरलो आपण. मी पोरांना सांगत असतो, पाय घालायचा तर येळेवर घाला रे, न्हाई तर माझ्यावानी होतंय.” आणि हसला.

खोलीत आम्ही दोघंच होतो. वही माझ्या मांडीवर उघडी होती. तेव्हा बोलायला काय हरकत होती? आता तर वडिलांची बढाई राखायची नव्हती, संघ नव्हता, कोपरही कधीच बरं झालं होतं. मी मान खाली घातली आणि तो म्हणाला तसं लिहून घेतलं.

प्रकाशनाला तो रेल्वेनं आला. जागा थोडी होती, म्हणून मी कप्तानांची आणि गोल करणाऱ्यांची नावं तेवढी घेतली होती. बचाव करणाऱ्यांची नावं राहून गेली. गौतमनं उभ्याउभ्याच पुस्तिका चाळली, एका पानावर बोट ठेवलं आणि मला हाक मारली. “अरे, माझं पण नाव घेतलास की! लई झालं गड्या.” शाळेसाठी म्हणून त्यानं आणखी एक प्रत मागून घेतली.

मी ती त्याला दिली.

आमच्या संघाच्या इतिहासात गौतमचं नाव एकदाच आलंय, त्या एका ओळीत. ती ओळ खोटी आहे. ती मी लिहिली आहे.