दत्तूची एकट्याची मैफल

वाजवता वाजवता दत्तूचा गज थांबला आणि तो मान वळवून शेजारी बघत बसला. शेजारी कोणीच नव्हतं. माझ्या या धाकट्या भावाने जन्मभर गवयांच्या साथीला व्हायोलिन वाजवलं. गवई गाणार, हा तेच मागून वाजवणार आणि पुन्हा गप्प राहून वाट बघणार. साठीला आल्यावर पहिल्यांदा एकट्याची मैफल मिळाली, तर तिथेही हा गवयासाठी थांबला. लोक कुजबुजायला लागले.

मला नवल वाटलं नाही. मी घरात एकटी उरले, तरी पहिला घास घेण्याआधी कोणी आणखी भात मागतंय का म्हणून थांबतेच.

मी पहिल्या रांगेत होते. तबलजी वाकून म्हणाला, "दत्तूकाका, गवई आज सुट्टीवर आहेत. पुढे तुम्हीच."

दत्तू हसला आणि त्याने गज उचलला. नंतरही तो दोनदा तसाच थांबला, पण मान वळवली नाही. लोकांना ते थांबणं मुद्दामचं वाटलं आणि त्यांनी दाद दिली. ते मुद्दामचं नव्हतं, हे दत्तूला, तबलजीला आणि मला, तिघांनाच माहीत होतं.