बिनदोरीची पेटी

तव्यावर सुका बोंबील टाकला की वरोरचा किनारा आठवतो. परदेशी मदतीतून आमच्या विद्यापीठाने तिथे मासे सुकवायची काचेची पेटी बसवली होती. मदत देणारे पाहुणे बघायला आले, दुभाष्या मी. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या दोरीवर टाकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमच्या पेटीत दोरीच नाय. जाळीवर आडवे ठेवले की चिकटतात, खरवडून काढावे लागतात. आधी विचारलं असतं तर सांगितलं असतं ना!" आमचे सर माझ्याकडे रोखून बघत होते. मी इंग्रजीत म्हणालो, "त्या आभार मानताहेत." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढची जोडी अडकवत मावशींनी विचारलं, "एवढं सगळं दोन शब्दांत बसलं?" अजून बोंबील भाजताना ते ऐकू येतं, आणि एखादा करपतोच.